एकशे चाळीस कौलं

पाचजण आले एका टेम्पोतून.
एक कॅमेरा, दोन दिवे, भाड्याचा जनरेटर
आणि सैतानाची शिंगं, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.
डायरेक्टर निनाद केरकर, तिशीचा असेल,
आईच्या पाटल्या गहाण टाकून सिनेमा काढत होता,
हे त्यानंच सांगितलं, पहिल्याच चहाला.
गोष्ट अशी : समुद्रातून एकजण वर येतो,
पुजाऱ्याला म्हणतो, माग.
पुजारी मागत नाही.
एवढंच. बाकी सगळा धूर.

देवळात शूटिंग, म्हणजे कौल हवा.
पहाटे मी पाषाणाला न्हाऊ घातलं,
तगरीच्या ओल्या पाकळ्या लावल्या.
उजवी पडली तर होय, डावी तर नाही,
आजोबांच्याही आधीपासूनचं हे व्याकरण.
गाऱ्हाणं घातलं :
बा देवा म्हाराजा, ही परमुलखातली पोरां
तुझ्या दारात खेळ मांडूक इली हत…
मागे निनाद एकटाच उभा.
'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

पाकळी सुटली.
डावी.
वारा नव्हता. समई जवळ नेऊन पाहिलं.
डावीच.

पाकिटात पाच हजार आहेत
हे मला आदल्या रात्रीच कळलं होतं,
आणि पडवीवरची कौलं माकडांनी फोडलीत
हे देवालाही दिसत होतं.
मी वळून म्हटलं,
उजवो दिल्यान.

सैतान झाला बस्त्यांव फर्नांडिस,
खाडीपलीकडचा, रापण ओढणारा.
दर शॉटआधी पाठ फिरवून छातीवर क्रूस काढायचा,
मग शिंगं चढवायचा.
रक्त म्हणजे कोकमाचं आगळ, त्यात गूळ कालवलेला.
रात्रभर त्याच्या पोटऱ्यांना मुंग्या डसत होत्या
आणि तो घोगऱ्या आवाजात म्हणत होता,
माग. काय हवं ते माग.
पुजाऱ्याचं काम करणारे कुडाळचे एक मास्तर
नाही म्हणताना दोनदा अडखळले.
तिसऱ्यांदा नीट म्हणाले : नको.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.
माझा एकच टेक झाला होता.

मग मी वाट पाहत राहिलो.
दिवा कोणाच्या तरी अंगावर पडेल,
भरतीत उतरलेली ती मुलगी बाहेर येणार नाही,
निदान पडद्यावर काही उमटायचंच नाही.
जनरेटर बंद पडला तेव्हा माझे हात थंडगार पडले.
डिझेल संपलं होतं.
जाताना केरकर पाया पडला,
आधी देवाच्या, मग माझ्या.
पाय मागे घ्यायचं सुचलं नाही.

शिमग्यानंतर शाळेच्या भिंतीवर चादर लावून दाखवला.
पोरं शिंगांना हसली.
मास्तर 'नको' म्हणाले तेव्हा
पुढच्या रांगेतल्या दोघीतिघींनी हात जोडले.
शेजारी बसलेला बस्त्यांव कानाशी आला :
गुरवानू, तो नको म्हणालो म्हणान पिक्चर संपलो.
व्हय म्हणालो असतो,
तर आजून तासभर चललो असतो.

पाच हजारांत एकशे चाळीस कौलं आली.
दोन फुटकी निघाली, ती दुकानदारानं मुकाट बदलून दिली,
वर काचेचं एक, फुकट.
पडवी आता गळत नाही.
रात्री आडवा होतो
तेव्हा त्या काचेतून चांदण्याचा तुकडा खाली उतरतो,
पाकळीएवढा,
आणि अंथरुणाच्या डाव्या अंगाला पडून राहतो.

मी उठतो,
उशी पायथ्याशी नेतो,
उलटा झोपतो.
मग तो उजवीकडे असतो.